कांचेचें छप्पर आणि काकतालीय न्याय

घराला छप्पर कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारला तर पांच वर्षांचें मूलहि उत्तर देईल. ऊन, वारा आणि पाऊस ह्यांपासून रक्षण व्हावें म्हणून मनुष्यानें छप्पर घातलें. आणि तें घालून झाल्यावर त्याला आकाशाची आठवण होऊं लागली, म्हणून त्यांत भोंक पाडलें. आमच्या जुन्या वाड्यांतून स्वयंपाकघराच्या वरतीं साणें असे. त्यांतून चुलीचा धूर बाहेर जाई, उन्हाचा एक कवडसा आंत येई, आणि तो कवडसा जमिनीवर कोठवर सरकला हें पाहून आमची आजी भाताचें आधण ठेवण्याची वेळ ठरवी. पावसाळा जवळ आला कीं साण्यावर झांकण बसे. तेव्हां छपरांतील भोंक ही कांहीं नवी कल्पना नव्हे. नवें आहे तें इतकेंच, कीं तें आतां मोटारीच्या छपराला पडलें आहे, त्यावर कांच बसली आहे, आणि त्याला ‘सनरूफ’ असें नांव मिळालें आहे.

ह्या वस्तूचा जन्म थंड मुलखांतला. जेथें वर्षांतील कित्येक महिने सूर्यदर्शन दुर्लभ, तेथें ऊन अंगावर घेण्यासाठीं मोटारीचें छप्पर सरकविण्याची युक्ति निघाली. इंग्लंडांत १९२० नंतरच्या दशकांत अशीं सरकतीं छपरें दिसूं लागलीं. अमेरिकेंत नॅश ह्या कंपनीनें १९३७ सालीं ही सोय आपल्या गाड्यांना दिली. आपल्याकडे वैशाखांतील ऊन टाळण्यासाठीं लोक रस्त्याच्या सांवलीच्या बाजूनें चालतात. तरीहि गेल्या कांहीं वर्षांत हें उन्हाचें गवाक्ष आपल्या मध्यम किंमतीच्या गाड्यांवरहि आलें आहे. हौसेला ऋतु नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या घरीं तीन भावांचीं कुटुंबें एकत्र नांदतात. पुतण्यानें नवी मोटार घ्यावयाची ठरविली तेव्हां घरांतील मुलांनीं पहिला प्रश्न विचारला तो ह्या गवाक्षाचाच. गाडी दारांत आली, वहिनींनीं तिला कुंकू लाविलें, चाकाखालीं लिंबू चिरडलें, आणि मुलें आलटून पालटून मागच्या बाकावर उताणीं पडून आकाश पाहूं लागलीं. आम्हांलाहि एकदां त्यांनीं तसें बसविलें होतें. पसरणीचा घाट चढतांना डोक्यावरून झाडांच्या फांद्या उलट दिशेनें वाहत जात होत्या, आणि तें दृश्य सुंदर होतें, हें आम्हांस मान्य केलें पाहिजे.

२०२४ सालच्या एप्रिल महिन्यांतील एका रविवारीं दुपारची जेवणें आटोपून मंडळी कलंडलीं होतीं. गाडी अंगणांत उन्हांत उभी होती. तिच्यावर झाड नाहीं, गच्ची नाहीं, विजेची तार नाहीं. अकस्मात् सुतळी बाँब फुटावा तसा आवाज झाला. सर्वजण धांवत बाहेर आलों, तों गाडीच्या छपरावरील कांचेचा चुरा झालेला! चौकटीच्या कडेला दांतेरी तुकडे उभे, आणि मधोमध मोठें खिंडार. फाटकाशीं आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचा अकरा वर्षांचा मुलगा उभा होता. त्यानें आमच्याकडे पाहिलें, गाडीकडे पाहिलें, आणि तो पळाला.

एवढें पुरेसें झालें. मुलें गल्लींत क्रिकेट खेळत होतीं हें सर्वांस ठाऊक होतें. “चेंडू हातांत घेऊन पळतांना मीं ह्या डोळ्यांनीं पाहिलें,” असें वहिनी म्हणाल्या. पुतण्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. गाडीचे हप्ते अजून चार वर्षांचे बाकी होते. संध्याकाळीं मुलाच्या आईला बोलावणें गेलें. नऊ वर्षें ती आमच्या घरीं काम करीत होती. चमचा हरवला तर तो हौदांतून हुडकून आणून देणारी बाई. ती खालीं मान घालून उभी राहिली. भरपाई मागण्यांत अर्थ नाहीं हें सर्वांस कळत होतें, परंतु पगारांतून महिन्याला थोडें थोडें कापावें, असा विचार घरांत बोलून दाखविला गेला. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती कामावर आली नाहीं.

आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं. मोटारीचें यंत्र आम्हांस कळत नाहीं. परंतु ज्यांनीं लहानपणीं तर्कशास्त्राचीं चार पानें घोकलीं आहेत, त्यांना काकतालीय न्याय ठाऊक असतो. कावळा ताडावर बसावयास आणि ताडफळ पडावयास एक गांठ पडते. पाहणारा म्हणतो, कावळ्यानें फळ पाडलें. मुलगा फाटकाशीं असणें आणि कांच फुटणें ह्यांची गांठ पडली, एवढेंच प्रत्यक्ष. बाकीचें सारें अनुमान. तो पळाला हा त्या अनुमानाचा हेतु. परंतु तो हेतु निर्दोष नव्हे. धुराला पाहून अग्नीचें अनुमान करावें हें खरें; पण डोंगरावरील धुक्याला धूर समजलें तर विस्तव कोठून सांपडणार? मोठ्यांचा गलका ऐकून गरीबाचें मूल पळतें, तें अपराध केला म्हणूनच पळतें असें नाहीं. आपल्यावर आळ येणार हें त्याला मोठ्यांच्या आधीं कळतें, म्हणूनहि तें पळतें.

आम्ही पुतण्याला म्हणालों, “कांचेला अजून हात लावूं नको. आधीं नीट पाहूं.” पाहिलें मात्र आमच्या नातीनें. ती पुतण्याची मुलगी, नववींत आहे. तिनें शिडीवर चढून, भ्रमणध्वनीनें सर्व बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं आणि तीन गोष्टी आमच्या ध्यानांत आणून दिल्या. पहिली, वहिनी म्हणतात त्याप्रमाणें चेंडू मुलाच्या हातांत होता. छपरावर लागलेला चेंडू अंगणांतून उचलून पुन्हां फाटकाबाहेर जावयास त्याला वेळच नव्हता. दुसरी, कांचेखालीं कापडी पडदा असतो, तो उन्हामुळें ओढून घेतलेला होता. सारा चुरा त्याच्यावर सांचला होता. पण त्यांत दगड नव्हता, कापडाला छिद्र नव्हतें, छपराच्या रंगाला ओरखडा नव्हता, अंगणांतहि कोठें खडा सांपडला नाहीं. तिसरी, चौकटींत राहिलेले तुकडे खालीं दबलेले नसून वरतीं उचलल्यासारखे होते. “आजोबा, हें वरून फुटलेलं नाहीं, आंतून फुटलंय,” असें ती म्हणाली.

आमचा एक जुना विद्यार्थी कांचेच्या कारखान्यांत अभियंता आहे. त्याला तीं छायाचित्रें पाठविलीं, आणि रात्रीं त्यानें दूरध्वनीवरून आम्हांला जवळजवळ तासभर शिकविलें. शिष्यानें गुरूला शिकवावें ह्याहून मोठी गुरुदक्षिणा नाहीं. त्याचें सार असें :

मोटारीच्या बाजूंना आणि बहुतेक सनरूफला जी कांच असते ती पाणी दिलेली कांच होय. लोखंडाला लोहार पाणी देतो, तसाच हा प्रकार. कांच सुमारें ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनीं थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो, आंतला मागाहून आकसूं लागतो; त्यामुळें बाहेरचा थर कायमचा दाबला जातो आणि आंतला कायमचा ताणलेला राहतो. फ्रान्समध्यें द ला बास्ती ह्या गृहस्थानें १८७४ सालीं अशा रीतीच्या कांचेचें पेटंट घेतलें. त्याची कांच मात्र तापवून तेलांत बुडविलेली असे. अशी कांच साध्या कांचेच्या चार-पांच पट मजबूत असते. मोटारीच्या कांचेची परीक्षा घेतांना २२७ ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा दोन-अडीच मीटर उंचीवरून तिच्यावर टाकतात, आणि ती टिकावी अशी अपेक्षा असते. मुलें खेळत होतीं तो टेनिसचा चेंडू. त्याचें वजन साठ ग्रॅमहि नसतें, आणि तो आंतून पोकळ!

पण जिच्या पोटांत एवढा ताण सांठविलेला, ती वस्तु बलवान् असली तरी स्वस्थ नसते. सतराव्या शतकांत प्रिन्स रूपर्टनें इंग्लंडच्या राजाला कांचेचे थेंब भेट दिले होते. वितळलेली कांच थंड पाण्यांत टाकून ते करतात. थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाहीं. परंतु त्याची बारीक शेपटी मोडतांच साऱ्या थेंबाचें पीठ होतें. रॉबर्ट हूकनें १६६५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचा विचार केला आहे. १९९४ सालीं शास्त्रज्ञांनीं अतिवेगवान् छायाचित्रें घेऊन पाहिलें, तों तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगानें धांवतो असें आढळलें. गाडीची कांचहि ह्याच कुळांतली. कडेला बसवितांना पडलेला केसासारखा टवका, चौकटीचा एखादा चुकीचा दाब, किंवा घडवितेवेळीं कांचेंत अडकलेला निकेल सल्फाइडचा मोहरीहून बारीक कण, ह्यांपैकीं कांहींहि तिला पुरतें. हा कण तापलेल्या कांचेंत एका रूपांत असतो, थंड झाल्यावर महिन्यांनीं वा वर्षांनीं दुसऱ्या रूपांत जातो आणि किंचित् फुगतो. ज्या दिवशीं तो ताणलेल्या भागांत पुरेसा फुगेल, त्या दिवशीं कांच कोणी हात न लावतां फुटते. सनरूफच्या कडेला जी काळी नक्षीदार पट्टी भाजून बसविलेली असते, तिनेंहि कांच कमकुवत होते, असें दक्षिण कोरियांतील मोटार-परीक्षण संस्थेनें २०१३ सालीं दाखविलें. अमेरिकेंत १९९५ पासून सनरूफ फुटल्याच्या आठशेंहून अधिक तक्रारी सरकारदफ्तरीं आल्याचें तेथील एका ग्राहक-नियतकालिकानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. त्या एका बनावटीच्या गाड्यांबद्दल नसून अनेक बनावटींच्या होत्या.

आमच्या गाडीच्या बाबतींत ह्यांतील नेमकें कोणतें कारण घडलें हें चुरा पाहून छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं, असेंहि त्या विद्यार्थ्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. परंतु चेंडू नाहीं आणि दगड नाहीं, एवढें निश्चित होतें. आम्हांला तेवढेंच हवें होतें.

मध्यंतरीं व्यवहाराच्या गोष्टीहि उरकाव्या लागल्या. त्या येथें नमूद करतों, कारण अशी गाडी आज पुष्कळ वाचकांच्या दारीं असेल. कांच फुटली तर पडदा उघडूं नये. तो उघडला कीं सारा चुरा बैठकींवर ओतला जातो. पाणी दिलेल्या कांचेचे तुकडे बोथट असतात असें म्हणतात, तरी जाड हातमोज्यांशिवाय त्यांना शिवूं नये, आणि लहान मुलांस दूर ठेवावें. साफ करण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं व विमा कंपनीला वर्दी द्यावी. गाडी चालती असतांना असें घडलें तर न दचकतां वेग कमी करून ती कडेला घ्यावी, आणि खिडक्या उघडूं नयेत. वाऱ्यानें तुकडे उडतात. आमच्याकडे त्याच संध्याकाळीं वळिवाचे ढग आले, तेव्हां जाड प्लॅस्टिकचा कागद संपूर्ण छपरावर घालून त्याचीं टोकें दारांत चेपून बंद केलीं. रंगाला चिकटपट्टी न लावतां हें साधतें. नवी कांच बसविण्याआधीं दोन्ही बाजूंचे रूळ यंत्रानें स्वच्छ शोषून घ्यावे लागतात; एक कण राहिला तरी तो नव्या कांचेला किंवा मोटरला जाच करतो.

आणखी एक गोष्ट. कांच शाबूत असलेल्यांनाहि ती उपयोगी आहे. सनरूफच्या भोंवतीं पन्हळ असते आणि चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या गाडीच्या खांबांतून खालीं उतरतात. रबराजवळून आंत झिरपलेलें पाणी त्यांनीं बाहेर जावें अशी योजना असते. गुलमोहराच्या पाकळ्या आणि रस्त्याची धूळ ह्यांनीं त्या तुंबल्या, म्हणजे पाणी छताच्या अस्तरांतून डोक्यावर टपकूं लागतें आणि लोक कांच खराब झाली असें समजतात. मृग लागण्यापूर्वीं पन्हळींत अर्धी वाटी पाणी हळूच ओतून तें चाकांजवळ खालीं पडतें कीं नाहीं तें पहावें. तार घालून नळी टोंचूं नये. ती आंतल्या आंत निसटते. आणि चालत्या गाडींत मुलांस त्या खिडकींतून बाहेर उभें करूं नये. गवाक्ष पाहण्यासाठीं आहे, डोकें काढण्यासाठीं नव्हे. एकदां जोरानें गतिरोध केला तर काय होईल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां विम्याची गोष्ट. दुरुस्तीचा आंकडा पांच अंकी निघाला. कांचेवर विमा कंपनी घसारा कापीत नाहीं, रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा कापते, ही माहिती एजंटानें तत्परतेनें दिली. आणि त्याच तत्परतेनें एक सल्लाहि दिला. “कारणाच्या रकान्यांत ‘दगड लागला’ एवढंच लिहा. बाहेरच्या कारणानं झालेलं नुकसान विम्यांत बसतं. आपोआप फुटली म्हणून लिहाल तर अडचण होईल.” पुतण्या आमच्याकडे कागद घेऊन आला. “काका, कोणाचं नांव घालायचं नाहीं. नुसता दगड. त्यांत कोणाचं काय बिघडतं?”

त्याच्या डोळ्यांपुढें हप्ते होते, आणि तो वाईट मनुष्य नाहीं. आम्ही त्याला एवढेंच म्हणालों, “दगड आला म्हणजे फेंकणारा आला. आणि ह्या गल्लींत तो कोण, हें सर्वांनीं आधींच ठरवून ठेवलें आहे. तूं नांव घातलें नाहींस तरी कागद तेंच नांव वाचील.” तो कांहीं न बोलतां निघून गेला. रात्रीं उशिरां त्याच्या खोलींत दिवा होता. सकाळीं त्यानें कागद आमच्यापुढें ठेवला. त्यांत लिहिलें होतें : ‘उभ्या गाडींत, बाह्य आघाताशिवाय फुटली. कारण अज्ञात.’

पाहणी करणारे गृहस्थ आले, त्यांनीं मान डोलावली, आणि तीन आठवड्यांनीं नकाराचें पत्र आलें. विक्रेत्यानें कळविलें कीं कांच हमींत येत नाहीं. पुतण्यानें सारी रक्कम पदरची भरली. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर विम्याच्या हप्त्यांत जी वीस टक्के सूट मिळते ती तेवढी शाबूत राहिली, असें म्हणून तो हंसला. त्या वर्षीं दिवाळींत घरांतील मोठ्यांना नवे कपडे झाले नाहींत, आणि कोणी त्याबद्दल कुरकुर केली नाहीं.

कागद विमा कंपनीकडे गेला त्याच दिवशीं वहिनींनीं पायांत चपला घातल्या. त्यांचें वय चौऱ्याहत्तर आहे. गुडघ्यांमुळें त्या देवळालाहि क्वचित् जातात. पुतण्याला बरोबर घेऊन त्या त्या बाईंच्या खोलीवर गेल्या. आम्ही मागोमाग होतों. वहिनी दारांतच म्हणाल्या, “बाई, तुझ्या लेकानं कांहीं केलेलं नाहीं. कांच आपोआप फुटली. चुकलं माझं.” त्या बाईनें त्यांना बसावयास पाट दिला आणि बराच वेळ ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “आजी, मीं त्याला मारलं हो. दोन दिवस तो नाहीं नाहीं म्हणत होता, तरी मारलं.”

त्यावर कोणाला कांहीं बोलतां आलें नाहीं. आम्ही छत्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. वर्गांत कांहीं हरवलें, फुटलें, कीं सर्व डोळे ज्या एकाच बाकाकडे वळतात तो बाक आम्हांला चांगला ठाऊक आहे. त्या बाकावरचीं मुलें लवकर मोठीं होतात. बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊं लागली. मुलगाहि कधीं निरोप घेऊन येतो. परंतु आमच्या फाटकासमोर तो आतां खेळत नाहीं, आणि गाडी अंगणांत असली तर लांबून वळसा घालून जातो. नव्या कांचेला ओरखडाहि नाहीं. त्याच्या मनाला जो गेला आहे, तो बुजविण्याची हमी कोणतीच कंपनी देत नाहीं.

एकत्र कुटुंबांत वस्तु पुष्कळ, माणसें पुष्कळ, तेव्हां मोडतोडहि पुष्कळ. कपबशी फुटली, कुलूप बिघडलें, पैसे सांपडेनात, कीं घराची नजर आपोआप सर्वांत खालच्या पायरीकडे जाते. गड्याकडे, मोलकरणीकडे, पोरक्या भाच्याकडे, किंवा नुकत्याच आलेल्या सुनेकडे. ही नजर वळण्यापूर्वीं फुटलेल्या वस्तूकडेच अर्धा तास नीट पाहण्याची संवय घरांत लावून घेतां येईल कां, हा विचार आम्ही सुज्ञ वाचकांपुढें ठेवतों. त्याला शास्त्र फार लागत नाहीं. आमच्या घरीं तें काम नववींतल्या एका मुलीनें केलें. आणि तें केलें तेव्हां तिच्या हातीं एक शिडी होती, आणि कोणावर रागावण्याची घाई नव्हती.